वाँटेजच्या आजीबाई



‘हिंगोलीत ख्रिस्ती श्रद्धेवर व्याख्यान कशाला?’ असं पत्रिका पाहून काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या गावात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून तोंडात आहेत. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथं होती आणि तिचे वरचे अधिकारी इंग्रज. त्यामुळं येशू हा साहेबाचा देव, साहेबाबरोबर आला आणि त्याच्याबरोबरच जायला हवा होता, असा एक समज आपल्याकडं मुरलेला आहे. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांनी हा धर्म साहेबाच्याच देशात जाऊन घेतला, आणि तिथल्या धर्मगुरूंशी भांडत भांडत सांभाळला. म्हणून हा विषय.

पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या दोन ओळींत संपतात: संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापक. मला त्यांच्या आयुष्यातली सहाच वर्षं घ्यायची आहेत. १८८३ ते १८८९, परदेशातली.

पण त्या बोटीत बसल्या तेव्हा मागं काय होतं, ते आधी सांगायला हवं. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी हिंडत पुराणं सांगायचे, सगळं घर त्यांच्यामागं पायी. १८७४च्या सुमाराला दक्षिणेतल्या दुष्काळात वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मुलगी झाली, मनोरमा. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १८८२च्या आरंभी, पटकीनं नवरा गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी या बाईच्या मागंपुढं फक्त ते तान्हं मूल होतं. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून विकलं. त्या पैशातून विलायतेचं भाडं उभं केलं.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रमाबाई विलायतेला कुणाच्या दानावर गेल्या नाहीत. वाँटेज नावाच्या छोट्या गावी सेंट मेरी द व्हर्जिन हा अँग्लिकन जोगिणींचा मठ होता, त्याची शाखा पुण्यात होती. ठरलं ते असं: हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, बदल्यात राहणं, जेवण आणि इंग्रजीचं शिक्षण. पुढं वैद्यकी शिकायची. म्हणजे आपल्या भाषेची सेवा देऊन त्या भाकरी मिळवणार होत्या. धर्म बदलणार नाही, असंही निघताना सांगितलं होतं.

१८८३च्या एप्रिलमध्ये बोट सुटली. सोबत छोटी मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. तिथं पोहोचल्यावर काही महिन्यांतच या आनंदीबाईंनी विष घेतलं आणि त्या गेल्या. आपल्याला बळजबरीनं ख्रिस्ती करतील, अशी धास्ती त्यांच्या मनानं घेतली होती, असं सांगितलं जातं. परक्या मुलखात एकुलती एक मराठी बोलणारी सोबतीण अशी गेल्यावर रमाबाईंचं काय झालं असेल? पुढं त्या ऑक्सफर्डला संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या होत्या. म्युलरांनी लिहून ठेवलंय, की रात्री त्यांना इतकी भीती वाटायची की घरातल्या एका मोलकरणीला त्यांच्या खोलीत झोपावं लागे. कानांनी दगा दिला तोही याच सुमाराला. ऐकू कमी येऊ लागलं आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न तिथंच मिटलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला ते कारणच गेलं.

आणि याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ला, वाँटेजच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडं गदारोळ झाला. एकटी बाई, दुःखात होती, मठात राहत होती, मिशनऱ्यांनी गाठलं, हा पुण्याचा निष्कर्ष. बाजू घेणारे थोडे. जोतीराव फुले त्यांतले एक, १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचं जाहीर समर्थन केलं. पुणेकरांच्या निष्कर्षात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. दुःखात माणूस मऊ होतो, हे कुणाला ठाऊक नाही? पण दुःखानं मऊ झालेला माणूस पुढं आपल्या यजमानांशी वर्षानुवर्षं वाद घालत बसत नाही. रमाबाईंनी तेच केलं. म्हणून मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो.

बाप्तिस्म्याच्या आधी काय घडलं ते त्यांनी स्वतः पुढं आपल्या साक्षीत लिहिलंय. हवापालटासाठी सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमच्या शाखेत पाठवलं. वाममार्गाला लागलेल्या, समाजानं ‘बाटलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा होता. सिस्टर त्यांच्याशी आपल्या लेकीबाळींसारख्या वागत होत्या. रमाबाईंनी आयुष्यभर शास्त्रं वाचलेली. अशा बाईला शिक्षा काय, हे त्यांना पाठ होतं. अशा बाईला माया देणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडं पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू. आपण दुष्काळी भागातली माणसं. विहिरीवर कोण कुणाला पाणी देतं आणि कोण कुणाचं घेत नाही, हे आपल्याला समजावून सांगायला नको. रमाबाईंनाही सांगावं लागलं नाही.

आता वाँटेजच्या आजीबाईंकडं येतो. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणायच्या. आईच्या माघारी मनोरमेला सांभाळायच्या त्या याच. १८८४पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, तिथं स्वतः शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या. प्राचार्या डोरोथिया बील यांना ही शिष्या फार आवडायची. वाँटेज आणि चेल्टनहॅममध्ये पत्रं सुरू झाली, आणि त्या पत्रांत आजी-नातीची जी भांडणं आहेत, ती वाचण्यासारखी आहेत.

एक भांडण पुडिंगचं. रमाबाई शाकाहारी. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून त्या खायच्या नाहीत. आजीबाईंना हा जुन्या जातीचा अहंकार वाटला. ख्रिस्ती झालीस, आता हे कशाला? दुसरं भांडण क्रुसाचं. सिस्टरांनी गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, मला न कळणाऱ्या भाषेत माझ्या देवाचं नाव कशाला? माझ्या लोकांना संस्कृत कळेल, लॅटिन नाही. तिसरं मोठं. रमाबाईंनी कॉलेजातर्फे पुरुषांनाही शिकवावं, असा विचार पुढं आला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: परत गेल्यावर हिची प्रतिष्ठा राहणार नाही. रमाबाईंचं उत्तर असं, की कलकत्त्यात मी पुरुषांच्या भरल्या सभेत संस्कृतमधून बोलले तेव्हा माझी प्रतिष्ठा गेली नाही, आता ती जाईल हे तुम्ही कोण सांगणार? शिवाय पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, असं त्या सरळ कळवत होत्या. हिंदू पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या एका पत्राचा आशय आहे.

आजीबाई वैतागायच्या. कृतघ्न आहेस, असा त्यांचा सूर असे. आणि मला वाटतं, आजच्या विषयाचं मर्म इथं आहे. ज्यांच्या ताटात जेवलो त्यांचं सगळं ऐकायचं, हीच कृतज्ञता, असं आपणही समजतो. १९७२चा दुष्काळ पाहिलेली मंडळी इथं बसलेली आहेत. रोजगार हमीवर खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी केल्या. त्या मिलोला नावं ठेवली की नाही? ठेवली. भाकरी तुटते, लेकरं खात नाहीत, म्हणून ठेवली. आणि त्या मिलोनं जीव वाचला हेही ते लोक आज मान्य करतात. दोन्ही खरं. उपाशी माणसालाही चव असते आणि आश्रिताला मत असतं. रमाबाईंनी सिस्टरांचे उपकार कधी नाकारले नाहीत. पण आपली बुद्धी त्या उपकारांच्या व्याजापोटी त्यांनी गहाण टाकली नाही. आज आपली कितीतरी मुलं-मुली आखातात, परदेशातल्या रुग्णालयांत नोकरी करतात. तिथला मालक चांगला निघाला, तर त्याच्यापुढं किती वाकायचं, हा प्रश्न त्यांनाही असतोच.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचं, ११ मार्च, फिलाडेल्फिया. आपल्याला जे जमलं नाही ते दुसऱ्या मराठी बाईनं केलं, त्या समारंभाला त्या समोर बसल्या होत्या. मग जवळजवळ तीन वर्षं व्याख्यानं, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक, बोस्टनला रमाबाई असोसिएशन. १८८९च्या फेब्रुवारीत मुंबई आणि ११ मार्चला तिथंच विधवा मुलींसाठी शारदा सदन. अमेरिकेवर त्यांनी मराठीत लिहिलेलं प्रवासवर्णन त्याच वर्षी निघालं. ते जरूर वाचा, त्या देशाचं इतकं डोळस वर्णन तोवर मराठीत नव्हतं.

इथं श्रद्धेची गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. पुढं साक्षीत रमाबाई म्हणतात त्याचा अर्थ असा, की १८८३ साली मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. विल्यम हॅस्लम नावाच्या एका धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना हे उमगलं. हे वाक्य मिशनऱ्यांना चमत्कारिक वाटलं असेल. आपल्याला वाटू नये. संत नामदेवांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यात, औंढाही आपल्याच. विठ्ठल नामदेवांबरोबर जेवायचा, त्यांच्याशी बोलायचा, तरी गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून मडकं कच्चं ठरवलं. नामदेव रुसले, मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं आले, आणि पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांचे पाय हलवता हलवता त्यांना कळलं की देव नाही अशी जागाच नाही. देवाचा लाडका असणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं, हे या मातीत शेकडो वर्षं सांगितलं जातंय. पुढं नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. परमुलखात जाऊन तिथल्या लोकांचं होताना आपला विठ्ठल सोडायचा नाही, हेही त्यांनी करून दाखवलं. रमाबाईंची नामदेवांशी तुलना फार ताणू नये. पण मुळं सोडून न देता देव शोधायचा हा हट्ट दोघांत आहे.

पक्केपण आल्यावर संकटं थांबली का? उलट वाढली. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती वळण लावलं जातं म्हणून १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, ‘केसरी’नं धारेवर धरलं, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात सगळी चूक पुण्याची नव्हती. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असा शब्द दिलेला असताना प्रार्थनेचं दार मुलींना उघडं ठेवणं, यात पालकांना फसवणूक वाटली तर त्यांना दोष देता येत नाही. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना दार लावून का करावी? दोघांचंही बरोबर वाटतं, आणि म्हणूनच तो वाद मिटला नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना दौंड तालुक्यातल्या केडगावला घेऊन आल्या, शेकड्यांनी. मागं १८७४ला आपल्या आईबापांना अन्न मिळालं नव्हतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमात शेती, विणकाम, छापखाना सगळं मुलीच चालवायच्या. त्याच आवारात ‘कृपा सदन’ उभं राहिलं: समाजानं टाकलेल्या, वाममार्गाला लागलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये जे पाहिलं होतं ते दौंड तालुक्यात बांधलं. सिस्टरांचं ऋण रमाबाईंनी वाँटेजला परत पाठवलं नाही. ते ज्या बायकांसाठी होतं त्यांच्याकडं पोहोचवलं.

शेवटची माहिती आजीबाईंची. रमाबाईंची ती सगळी पत्रं, स्वतःवर झालेल्या टीकेसकट, पुडिंगच्या आणि क्रुसाच्या भांडणांसकट, जपून ठेवली आणि संकलित केली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली ती छापली, अ. भि. शहा यांच्या संपादनात. पुस्तक इंग्रजीत आहे, जाडजूड आहे. आपल्या ग्रंथालयाच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, की एक प्रत मिळवा. पुढच्या वर्षी कुणीतरी आजीबाईंची बाजू घेऊन इथं बोलावं, अशी माझी इच्छा आहे.