विद्यापीठ आणि गांव

कळंब हें मांजरेच्या कांठचें तालुक्याचें गांव. येथील शेतकऱ्याच्या मुलास उच्च शिक्षणाची आस लागली, तर पूर्वीं हैदराबादेकडे पाहावें लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें. इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून विद्या देण्याचा तो मोठा प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू. मराठी घरांतील मुलाला आधीं भाषेची पायरी चढावी लागे; मगच विद्येचें दर्शन घडे.

१९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. २००४ सालीं त्याचें उपकेंद्र धाराशिवास आलें. अंतर कमी झालें, पण जवळीक वाढली काय? मुलगा पदवी घेऊन शहराची वाट धरतो आणि त्याची विद्याही त्याच्यासवें जाते. परीक्षा घेणें व पदव्या वांटणें एवढ्यानें विद्यापीठाचें देणें फिटत नाहीं. विहिरींचें पाणी कां आटतें, जमिनीचा कस कशानें जातो, हे कळंबचे प्रश्न प्रयोगशाळेंत गेले पाहिजेत आणि त्यांचीं उत्तरें मराठींत बांधावर आलीं पाहिजेत. शेतकऱ्याच्या अनुभवासही तेथें पुराव्याचा मान मिळावा. विद्यापीठ किती जवळ आलें, याचें माप या देवघेवींतच आहे.