विजेचा रतीब आणि खाडा

श्रोतेहो, ज्या घरात दुधाचा रतीब असतो त्या घरात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असते. रोजचं दूध मांडायची गरज नसते, ते ठरलेलंच असतं. मांडायचा असतो तो खाडा. लग्नासाठी चार दिवस गावाला गेलो, चार खाडे. दूधवालाच आला नाही, एक खाडा. महिनाअखेरीला आई नाहीतर आजी कॅलेंडर पुढे धरते आणि अर्ध्या लिटरवरूनसुद्धा हुज्जत होते. आता मला सांगा, ज्या विद्यापीठात सांख्यिकीचा विभाग आहे, अर्थशास्त्राचा आहे, पर्यावरणशास्त्राचा तर हमखास आहे, तिथे विजेचा खाडा कोण मांडतं?

मला आज कार्बन-तटस्थ विद्यापीठ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा, मिनिटं दहा. तापमान का वाढतं, कार्बन-तटस्थ म्हणजे काय, हे तुम्ही घरातल्या शाळकरी मुलांकडून ऐकलेलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. सौर पॅनेल लावा, झाडं लावा, कागद वाचवा, हेही तुम्हाला पाठ आहे. मी खाड्याबद्दलच बोलणार आहे. कंटाळा आला तर समजून घ्या.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या ऊर्जा समितीवर मला घेतलं होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. समितीच्या तीन बैठका चहा-बिस्किटांत गेल्या. सौर पॅनेल कुठल्या छतावर बसवायचे आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, यावर भरपूर चर्चा झाली. मग दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री मी आणि तिथले जुने वायरमन सबस्टेशनच्या खोलीत गेलो. अकरा वाजले होते. वसतिगृहं रिकामी, वर्ग बंद, ग्रंथालयाला कुलूप, आवारात जागी होती ती फक्त कुत्री. माझा अंदाज, रस्त्यावरचे दिवे धरून पंधरा-वीस किलोवॉट भार असेल. मीटर शंभराच्या आसपास दाखवत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वायरमन म्हणाले, "सर, हे रोजचंच आहे." मी विचारलं, कुणाला सांगितलं नाहीत? "कुणी विचारलंच नाही."

मग आम्ही बॅटरी घेऊन फिरलो. रिकाम्या मजल्यांवरचे कूलर थंड पाणी आणखी थंड करत बसले होते. एका सभागृहाचा एसी चालू होता. मागच्या आठवड्यात कुणी पाहुणे येऊन गेले होते म्हणे. वसतिगृहाची टाकी भरून वाहत होती आणि खाली पंप घरघरत होता. प्रयोगशाळेचे पंखे कोंडलेली हवा बाहेर फेकत होते, आत माणूस नव्हता. सबंध कॅम्पस सुट्टीवर आणि रतीब चालू. घरोघरच्या कॅलेंडरवर जिथे पंधरा खाडे पडले असते, तिथे एकही नाही.

शंभर किलोवॉट ऐकायला फार वाटत नाहीत. त्यातला काही भार खराही असतो. सर्व्हर चालू हवेत, नमुन्यांचे फ्रीझर हवेत, रस्त्यावर उजेड हवा. म्हणून निम्मा भार सोडून देऊ. उरलेले पन्नास किलोवॉट वर्षभर असेच चालू राहिले तर? वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ४ लाख ३८ हजार युनिट. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशावरची आहे. म्हणजे वर्षाला तीनशे टन. मोठं झालेलं एक झाड ढोबळमानाने वर्षाला वीसेक किलो शोषून घेतं असं धरलं, तर ही भरपाई करायला पंधरा हजार झाडं लागतील, आणि तीही मोठी झालेली. पाच जूनला फोटो काढून लावलेली रोपं यात धरायची नाहीत.

आता कुणी म्हणेल, आम्ही छतावर पॅनेल बसवलेत, आमची वीज घरची आहे. छान. म्हणजे गोठ्यात तुम्ही स्वतःची म्हैस बांधली. पण घरच्या म्हशीचं दूध मोरीत ओतलं तर ते वाया गेलं नाही का? आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट देतात. वरचा हिशेब पुन्हा करा. त्या पन्नास किलोवॉटच्या न मांडलेल्या खाड्यासाठी तीनशे किलोवॉटचे पॅनेल लागतात. तीनशे किलोवॉटची म्हैस पाळायची, आणि तिचं सगळं दूध मोरीत. पॅनेलना माझा विरोध नाही, गैरसमज नको. आधी खाडा मांडा, मग म्हैस घ्या. लहान म्हैस पुरेल, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाहेरच्या देशांतलं एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली जाहीर केलं की आमच्या इमारती आणि गाड्या २०२५पर्यंत कार्बन-तटस्थ होतील. दहा कॅम्पस असलेलं हे अवाढव्य सरकारी विद्यापीठ आहे. त्याच्या बऱ्याच कॅम्पसवर आपल्या साखर कारखान्यांत असते तशी सहवीजनिर्मिती आहे. फरक इतकाच की तिथे बगॅसऐवजी नैसर्गिक वायू जळतो. ती यंत्रं एका रात्रीत बंद करता येत नाहीत. मग तारीख गाठायची कशी? कार्बन क्रेडिट विकत घेऊन. म्हणजे आपल्या घरचा रतीब आहे तेवढाच ठेवायचा, दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन सांगायचं की बाबा, तू दूध कमी घे, आणि आपल्या कॅलेंडरवर खाडा मांडायचा. तिथल्याच प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर टीका केली. अखेर २०२३मध्ये विद्यापीठाने धोरण बदललं. आता विकत घेतलेल्या क्रेडिटवर भिस्त न ठेवता, स्वतःचं प्रत्यक्ष उत्सर्जन २०१९च्या तुलनेत २०४५पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करायचं आहे. तारीख वीस वर्षं पुढे गेली, पण मला हा बदल प्रामाणिक वाटतो.

त्याच राज्यात स्टॅनफर्ड आहे. तिथल्या मंडळींनी वर्षाच्या तासातासाच्या नोंदी मांडून पाहिल्या. लक्षात असं आलं की एका इमारतीतून थंडाव्यासाठी उष्णता काढून बाहेर फेकली जाते, आणि त्याच तासाला दुसऱ्या इमारतीला ऊब द्यायला गॅस जाळला जातो. मग त्यांनी गॅसवरचं केंद्र २०१५ साली बंद केलं आणि एकीकडची उष्णता दुसरीकडे नेणारी यंत्रणा उभी केली. पैसा होता, हे खरं. पण सुरुवात नोंदवहीतून झाली. खाडा, श्रोतेहो, खाडा!

आपल्याकडे नोंदी नाहीत असं नाही, आणि मला खरी चीड याचीच येते. उच्चदाब जोडणीच्या मीटरमध्ये थोड्या थोड्या मिनिटांनी भाराची नोंद आपोआप साठत असते. बिलावर कमाल मागणी छापलेली असते, दिवसाच्या कुठल्या वेळात किती युनिट गेले तेही असतं. ते बिल लेखा विभागात येतं, मुदतीआधी भरलं की सवलत मिळते म्हणून तत्परतेने भरलं जातं, आणि फाइलला लागतं. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की ऊर्जा लेखापरीक्षण होतं, हरित लेखापरीक्षण होतं, स्पायरल बाइंडिंग होतं. मूल्यांकन झालं की तो अहवाल कपाटात. दुधाच्या कॅलेंडरला कुणी स्पायरल बाइंडिंग केलेलं मी पाहिलेलं नाही. ते ओट्याजवळ, हाताला लागेल असं टांगलेलं असतं.

म्हणून प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर हवा. ही महागडी गोष्ट नाही, एखाद्या परिसंवादाच्या मांडवाचा खर्च याहून जास्त होतो. आणि दर सोमवारी त्या इमारतीच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचं : रविवारी रात्री अकरा वाजता भार किती होता. रसायनशास्त्राचा आकडा भौतिकशास्त्रवाल्यांनी वाचला की पुढचं काम आपोआप होतं. प्राध्यापकांचा स्वभाव मी ओळखून आहे, मीही त्यांतलाच.

प्रयोगशाळांचं वेगळं सांगायला हवं. उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर असतात, त्यातला एकेक फ्रीझर एखाद्या घराएवढी वीज खातो. तोच उणे सत्तरवर ठेवला तर वीज सुमारे तीस टक्के कमी लागते, आणि बहुतेक नमुन्यांना त्याने काही होत नाही. विषारी वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड असतो, त्याची काच काम झालं की खाली ओढायची. हार्वर्डमध्ये त्यासाठी प्रयोगशाळांच्या चुरशी लावतात. आपल्याकडे काच अर्धी उघडी आणि तिच्यामागे कुणाचा तरी डबा.

आणि एसी. चोवीस अंशांवर ठेवा हे तर झालंच, एकेका अंशाने सहाएक टक्के वीज वाचते. पण त्यातला गॅस? मेकॅनिक येतो, "गॅस गेलाय" म्हणतो, भरून जातो. गेला तो कुठे गेला? आर-४१०ए जातीचा एक किलो गॅस हवेत गेला तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो. दोन टन! आणि पावतीवर लिहिलेलं असतं नुसतं 'सर्व्हिसिंग'. त्या पावतीवर गॅसची जात आणि वजन लिहून घ्या. डिझेल जनरेटरचं तसंच, लिटरमागे अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. त्याची वही असते, पण ती डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दाखवली जात आहेत, म्हणजे दोन मिनिटं. पाण्याचं बोलायचं होतं. पाणी उपसायला वीज लागते, त्यामुळे तोही एक रतीबच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५३ एकरांच्या माळावर तळी आणि विहिरी राखल्या आहेत, ते एकदा जाऊन पाहण्यासारखं आहे, त्यावर सविस्तर… असो. मुलं कॉलेजात येतात कशाने, एसटीच्या पासाने की प्रत्येक जण स्वतःच्या दुचाकीने, हा तर कदाचित विजेहून मोठा आकडा निघेल. परिषदांचे विमानप्रवास आहेत. मेसमध्ये उरणारं अन्न आहे. हे सगळं आजच्या कॅलेंडरवर मावत नाही.

ऊर्जा समितीवर वायरमनना घ्या, हे मात्र सांगून टाकतो. निमंत्रित म्हणून नको, सदस्य म्हणून. कुठला पंप रात्रभर चालतो, कुठल्या विभागप्रमुखांच्या खोलीचा एसी साहेब परदेशी असतानाही चालतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि कुलसचिव मंडळींपैकी कुणी ऐकत असेल तर सुट्टी लागलीच आहे, आज रात्री अकराला जाऊन एवढा एक आकडा लिहून आणा. फक्त सबस्टेशनच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते दुपारीच विचारून ठेवा. आम्हाला ती शोधायलाच पाऊण तास लागला होता.