भुलीची बंदूक आणि तिची दुर्बीण

कुकडी आणि घोड नद्यांवर धरणे झाली, जुन्नर-आंबेगावात ऊस फोफावला आणि त्याच्या आडोशाला बिबट्याने बिऱ्हाड थाटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याची हौशी शिकार आज गुन्हा आहे. तथापि जायबंदी किंवा उपद्रवी बिबट्या पकडून माणिकडोहच्या निवारा केंद्रात न्यावयाचा, तर भुलीची बंदूक लागते. आणि तिच्यावर भरवशाची दुर्बीण असावी लागते.

ती कोणती निवडावी? अधिक पट मोठे दाखविणारी ती उत्तम, ही समजूत चुकीची होय. भुलीची सुई जवळूनच मारावयाची असते. तेथे दृष्टिक्षेत्र विस्तृत हवे. शिवाय बिबट्या बहुधा तिन्हीसांजेस बाहेर पडतो. पुढील भिंग ३२ मिलिमीटरचे व शक्ती चौपट असेल, तर डोळ्याशी ८ मिलिमीटर रुंद प्रकाश येतो. अंधारात आपली बाहुली उघडते सुमारे ७ मिलिमीटर. म्हणजे ती पूर्ण भरते. शक्ती बारापट केली, की तोच प्रकाश ३ मिलिमीटरांहूनही अरुंद होतो आणि चित्र काळवंडते.

परंतु खरा गुण एकच : जुळविलेला नेम ढळू नये. म्हणून गाडीच्या हादऱ्यांनंतर प्रथम लक्ष्यफलकावर सुई मारून पाहावी. मांडीऐवजी ती बरगडीत शिरली, तर ज्याला वाचवावयाचे तोच प्राणी दगावतो.