झेरॉक्स मशीनचा देखभाल करार

ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनची वॉरंटी संपत आली, की वार्षिक देखभाल कराराचं, म्हणजे एएमसीचं कोटेशन येतंच. स्वस्त दिसणाऱ्या करारात बहुधा फक्त दुरुस्तीची मजुरी असते. ड्रम, फ्युजर, रोलर यांचे पैसे वेगळे. आणि खरा खर्च तिथंच होतो! दुसऱ्या प्रकारात सुटे भाग आणि बहुतेकदा टोनरही मिळतो, पण पैसे दर कॉपीमागं मोजायचे, कागद तुमचाच. म्हणून आधी मशीनच्या मीटरवरून महिन्याच्या कॉप्या काढा. काम थोडं असेल, तर या दुसऱ्या करारातली किमान कॉप्यांची अट अंगाशी येते. जीएसटी धरूनच दर ताडून पाहा. तक्रारीनंतर माणूस किती तासांत येणार, हे मात्र तोंडी नको. करारात लिहूनच घ्या.