पहिल्या भेटींतील ताट

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यांत शेलूबाजार नांवाचें गांव आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्या मार्गावर चढण्याउतरण्याची एक जागा या गांवाजवळ असल्यामुळें नागपूरचे पाहुणे सकाळीं निघून दुपारच्या जेवणाआधीं येथें पोहोंचूं शकतात. वऱ्हाडांत 'पाहुणे येणार आहेत' या तीन शब्दांना एक विशेष अर्थ आहे. उपवर मुलीच्या घरीं ते उच्चारले गेले कीं अंगण झाडलें जातें, ठेवणींतल्या बश्या बाहेर निघतात, आणि पोहे केव्हां भिजवावयाचे याचा हिशेब सुरू होतो. परक्या देशांतील तरुणतरुणी उपाहारगृहांत एकमेकांस प्रथम भेटतात, त्या भेटीचें आपल्याकडील रूप तें हेंच. फरक एवढाच कीं, तेथें दोघेंहि जेवतात. येथें एक खातो आणि दुसरी पाहिली जाते.

या पाहण्याच्या समारंभांत परीक्षा एकटीचीच होते, असा पाहुण्यांचा समज असतो. तो खरा नव्हे. मुलगी तबक घेऊन येते, बश्या देते आणि खालीं मान घालून बसते. तिच्या खाण्याविषयीं कोणास कांहींच कळत नाहीं. उलट, खाणारा मुलगा स्वयंपाकघराच्या दारांतून न्याहाळला जात असतो. त्यानें शेंगदाणे वेंचून बाजूस ठेवले कीं काय, चहा बशींत ओतून फुरका मारला कीं काय, बशींत घांस टाकला कीं काय, याचा अहवाल मावशी आणि आत्या रात्रीं सविस्तर सादर करतात. कित्येक घरांत या अहवालाचें वजन मुलाच्या पगाराएवढेंच असतें.

ज्या बशीवरून हा निवाडा व्हावयाचा, ती बशी तरी किती जुनी? पोह्यांत मिरची आणि भुईमुगाचे दाणे नसले तर पुष्कळांना ते पोहेच वाटावयाचे नाहींत. परंतु हीं दोन्ही पिकें मूळचीं अमेरिका खंडांतील. युरोपीय दर्यावर्दी तेथें जाऊन आल्यानंतरच तीं आपल्या देशांत आलीं. रीतहि मुलखागणिक पालटते. विदर्भांत पुष्कळ ठिकाणीं पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. पुण्याच्या माणसास ती पोह्यांची नासाडी वाटते. 'वरून सांबार घालूं कां?' असें वऱ्हाडी यजमानीण विचारते, तेव्हां पुणेरी पाहुण्याच्या डोळ्यांपुढें इडलीबरोबरची आमटी उभी राहते आणि तो घाईनें नको म्हणतो. वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर. बिचारी यजमानीण मात्र मनांत नोंद करते कीं, पाहुणा फार चिकित्सक दिसतो!

जेवणाचे नियम निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. केळीच्या पानावर मीठ, लोणचें, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, ही मांडणी वाढणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची सोय पाहून ठरली आहे. उजवा हात तोंडास लागून उष्टा होतो. म्हणून पंगतींत पाण्याचें भांडें डाव्या हातानें उचलावयाचें, आणि वाढावयाच्या पळीस उष्टा हात लावावयाचा नाहीं. सामायिक भांडें स्वच्छ राहावें, हें या नियमाचें मर्म. हें मर्म विसरलें गेलें कीं नियम काठीसारखा वापरला जातो. डावखुऱ्या मुलीला लहानपणापासून धाक दाखवून हात बदलावयास लावतात, आणि पाहुण्यांपुढें तिनें चुकून डाव्या हातानें घांस उचलला तर 'वळण नाहीं' असा शेरा बसतो. वास्तविक डावखुरेपणा हा देहस्वभाव आहे. त्यांत वळणाचा प्रश्न येत नाहीं.

पाश्चात्त्यांचे शिष्टाचारहि आकाशांतून पडलेले नाहींत. इरॅस्मस या डच पंडितानें १५३० मध्यें मुलांच्या वागणुकीविषयीं लॅटिन भाषेंत एक छोटें पुस्तक लिहिलें. तेलकट बोटें चाटूं नयेत, तीं अंगरख्यास पुसूं नयेत, पुसण्याच्या वस्त्रास पुसावींत, असें त्यानें त्यांत बजावलें आहे. अर्थात् त्या काळीं युरोपांतील सभ्य माणसेंहि बोटांनींच जेवीत. जपानांत शेवयांसारखा पदार्थ आवाज करून ओढून खाण्यांत कोणी गैर मानीत नाहीं; आपल्याकडे कढीचा भुरका एका घरीं सुगरणीस दिलेली पावती ठरतो, तर दुसऱ्या घरीं गांवंढळपणा.

आतां काळ पालटला आहे. शेलूबाजारसारख्या गांवांतील मुलें नोकरीसाठीं पुण्यास जातात, आणि घरच्यांच्या संमतीनें मुलामुलीची पहिली भेट तेथील उपाहारगृहांत ठरते. समजा, असा एक तरुण तेथें बसला आहे. भाकरी येतांच त्यानें कांदा मुठीनें फोडला, भाकरी रश्श्यांत कुस्करली आणि पांची बोटांनीं जेवावयास आरंभ केला. समोरची तरुणी भातहि चमच्यानें खाते आहे. तिला तो अडाणी वाटेल; त्याला ती शिष्ट वाटेल. दोघांचाहि तर्क कच्चा आहे. शेतांत भाकरी सोडली म्हणजे जवळ सुरी नसते. मुठीखालीं कांदा फोडण्याची संवय तेथून आलेली असते. आणि ज्या मुलीची दुपार वर्षानुवर्षें कचेरींतील मेजावर डबा खाण्यांत गेली, तिला कागदांना तेलाचें बोट लागूं नये म्हणून चमचा जवळचा वाटतो. एकाच्या बोटांत शेत आहे, दुसरीच्या बोटांत कचेरी. पाहावयाचें तें निराळेंच आहे. फोडलेल्या कांद्यांतला अर्धा त्यानें तिच्यापुढें केला कीं नाहीं? तिचें ताट येण्याआधींच त्यानें घांस घेतला काय? मेज पुसणाऱ्या पोऱ्याशीं दोघें कोणत्या स्वरांत बोललीं? बोलणें चालूं असतां कोणाची नजर सारखी दूरध्वनीच्या पडद्याकडे वळत होती? संवय गांवाची असते. पर्वा मात्र ज्याची त्याची असते.

या विषयास एक कडू बाजूहि आहे. पहिल्या भेटींत 'तुमच्याकडे काय काय चालतें?' हा प्रश्न पुष्कळदां भुकेपोटीं विचारलेला नसतो. त्याआडून जातीची चौकशी चाललेली असते. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केलीं, आणि एका पेल्यापायीं केवढें वादळ उठलें! लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांनाहि अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. चहापेक्षां तो कोणाच्या हातचा, हाच त्या वादाचा मुद्दा होता. तें प्रायश्चित्त आज कोणी मागत नाहीं. परंतु ताटांतील पदार्थावरून समोरच्याच्या कुळाची पायरी ठरविण्याची खोड अजून गेलेली नाहीं. कोणास मांस चालत नाहीं, कोणास तें आवडतें. पुढें एका चुलीवर राहावयाचें असेल तर हें मोकळेपणानें विचारणें रास्त आहे. मात्र उत्तर ऐकून नाक मुरडणें हा असभ्यपणा आहे, आणि कोणत्याहि फुरक्यापेक्षां तो अधिक मोठ्यानें ऐकूं येतो.

मग पहिल्या भेटींत पाळावें तरी काय? थोडेच नियम पुरेसे आहेत. हात धुऊन बसावें. तोंड मिटून चावावें. उष्टा हात सामायिक वाडग्यांत घालूं नये. दुसरा किती खातो, किती टाकतो, यावर बोलूं नये. यजमानांनीं आग्रह एकदां करावा. दुसऱ्यांदा नाहीं म्हटल्यावर पळी मागें घ्यावी, म्हणजे पाहुण्यास टाकावें लागणार नाहीं आणि यजमानासहि अन्न वायां गेल्याचें दुःख होणार नाहीं. एखाद्यास दूध सोसत नसेल, कोणाचा उपवास असेल, कोणाचा हात आजारानें कांपत असेल, तर त्यानें तें सरळ सांगावें, आणि ऐकणाऱ्यानें तितक्याच सरळपणें ऐकून घ्यावें. ओळखीची वाट अशा साध्या वाक्यांतूनच मोकळी होते.

या सर्वांहून महत्त्वाची सुधारणा एकच आहे, आणि तिला एका पैचाहि खर्च नाहीं. मुलीच्या हातीं केवळ तबक देऊं नये. तिच्यापुढेंहि बशी मांडावी. घरांतील दुसऱ्या कोणीं वाढावें आणि तिनें सर्वांबरोबर बसून खावें. जी खात नाहीं, तिच्याविषयीं पाहुण्यांना साडीचा रंग आणि हाताचा कंप यांपलीकडे काय कळणार? आणि खाणाऱ्याशीं बरोबरीनें बोलण्याचें धैर्य तिला तरी कोठून येणार? दोघें खाऊं लागलीं म्हणजे तीं एका पातळीवर येतात. कोणास तिखट लागतें, कोण पाण्याचा तांब्या पुढें करतो, कोण हंसतो, हें आपोआप दिसूं लागतें.

दिवसास दोन जेवणें धरलीं तरी वर्षाचीं सातशें तीस होतात, आणि लग्न झाल्यावर तीं बहुतेक एकमेकांच्या सोबतीनेंच व्हावयाचीं असतात. भुरका, चमचा, फोडलेला कांदा, बशींतला चहा यांची संवय त्यांतल्या पहिल्या शंभरांतच होऊन जाते. ताटावरची तुच्छता मात्र शेवटच्या जेवणापर्यंत सलत राहते. पहिल्या बशीवरून कांहीं ठरवावयाचेंच असेल, तर ती तुच्छता तेथें आहे कीं नाहीं, एवढेंच ठरवावें.