वाढणारीचं ताट

आम्ही लालबाग-परळच्या बायका. आमच्या आया-सासवा कोकणातून, घाटावरून आल्या. गिरणी कामगारांना जेवू घालून त्यांनी संसार चालवले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकार सुटला. पण एक सवय सुटली नाही. सगळ्यांना वाढून तळाला उरेल ते खायचं आणि वर चहा प्यायचा.

तीच सवय आम्हीही उचलली. चक्कर, धाप, थकवा हे बाईचं नशीबच समजलो. रक्त तपासलं तेव्हा आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन ८ निघालं. बाईला किमान १२ हवं, गरोदरपणी ११. रक्त कमी असलेल्या आईचं बाळही कमी वजनाचं जन्मू शकतं.

आता आम्ही आपला वाटा आधीच काढून ठेवतो. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, वर लिंबू. लिंबामुळे लोह अंगी लागतं, चहामुळे अडतं. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चुकवत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडाल, तेव्हा एकमेकींना एवढं विचारा, ‘रक्त कधी तपासलंस गं?’