फराळाचे ताट आणि आग्रहाचा हात

(धनत्रयोदशीस धन्वंतरिपूजनानंतर रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



आताच धन्वंतरीचे पूजन झाले आणि धने-गुळाचा प्रसाद आपणां सर्वांना मिळाला. प्रसाद चिमूटभरच होता. कोणी दुसऱ्यांदा हात पुढे केला नाही आणि आम्हीही कोणास आग्रह केला नाही. एवढे भान भाऊबीजेपर्यंत टिकते तर आज आम्हांस बोलण्याचे कारण नव्हते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधोपचाराविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रुग्णालयाचे हिशेब पाहताना काही गोष्टी जमाखर्चातूनही दिसू लागतात. दिवाळी जवळ आली की मधुमेहाच्या तपासणीस नेमाने येणारी मंडळी दिसेनाशी होतात. ‘दिवाळी होऊ द्या, मग रक्त देतो,’ असे सांगतात. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तीच मंडळी प्रयोगशाळेबाहेर रांगेत उभी असतात. एचबीएवनसी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, हे आम्ही येथेच शिकलो. चार दिवस आधी पथ्य पाळून तो ताळेबंद सुधारता येत नाही.

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेनंतर एक निवृत्त शिक्षक आपल्या अतिदक्षता विभागात दाखल झाले. मधुमेह जुना, स्वभाव भिडस्त. तीन घरी ओवाळणीला गेले आणि तिन्ही घरी ताट रिकामे करून उठले. साखर अतोनात वाढली. ते सुखरूप घरी गेले, पण सहा दिवसांनी. देयक भरताना त्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, “साहेब, त्यांनी मागितलं नव्हतं हो. आम्हीच वाढलं.” या वाक्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही. आमच्या मात्र ते कायमचे लक्षात राहिले आहे.

खाणाऱ्यास संयमाचा उपदेश सर्वच करतात. वाढणाऱ्यास कोणी काही सांगत नाही. आपल्याकडे पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले की तो संकोच समजला जातो आणि आणखी एक करंजी पानात पडते. ‘माझ्या हातचा खाल्ला नाहीस’ या वाक्यापुढे भल्याभल्यांचे पथ्य टिकत नाही.

आता थोडा हिशेब, कारण तो आमचा विषय आहे. मध्यम आकाराच्या बेसनाच्या लाडवात 15 ग्रॅम बेसन, 10 ग्रॅम तूप व 12 ग्रॅम साखर धरली, तर सुमारे 200 कॅलरी होतात. त्यांतील जवळजवळ निम्म्या तुपाच्या. म्हणूनच ‘शुगर-फ्री’ मिठाईच्या पेटीवर आमचा विश्वास नाही. साखर गेली तरी तूप, खवा आणि मैदा जागच्या जागी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचविले की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास राहिल्यास अधिक हिताचे. म्हणजे दोन लाडवांत दिवसाचा कोटा संपला. चहा अजून व्हायचा आहे.

अमेरिकेत 195 प्रौढांची नाताळच्या हंगामातील वजने मोजून केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी निघाली. ऐकून बरे वाटते. पण ती वाढ पुढील उन्हाळ्यापर्यंतही उतरली नव्हती. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर शिल्लक पुढे ओढली गेली. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही अधिक. आपल्या या सभागृहातही दोन्ही प्रकारची मंडळी बसली आहेत, हे वार्षिक तपासणीमुळे आपण जाणतोच.

डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून सांगावयास सांगितली आहे. गोड जास्त झाले म्हणून गोळी किंवा इन्सुलिन मनानेच वाढवू नये, आणि ‘आज सण आहे’ म्हणून ते चुकवूही नये.

राहिला आमचा स्वतःचा दोष. दरवर्षी हे रुग्णालय प्रत्येक कर्मचाऱ्यास एक किलो मिठाईची पेटी देत आले. मधुमेह विभागातील परिचारिकांनाही तीच, आणि त्यांपैकी दोघी स्वतः मधुमेही! पेट्यांच्या खरेदीच्या कागदावर वर्षानुवर्षे सही आमची. यंदा पेटी बंद करावी, असा विचार आम्ही मांडला तेव्हा सफाई विभागातील एक मावशी म्हणाल्या, “आमच्या घरी दुकानातली मिठाई तेवढीच येते, साहेब.” त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही टेबलापाशी बसून केलेल्या विचारात ते आले नव्हते.

म्हणून यंदा पेटी पाव किलोची आहे आणि उरलेल्या रकमेचा किराणा प्रत्येकास मिळेल. ज्यांना पेटी नकोच असेल त्यांना पूर्ण रकमेचा किराणा मिळेल. कारण विचारले जाणार नाही. रुग्णांचे नातेवाईक व पुरवठादार यांच्याकडून येणाऱ्या पेट्या वॉर्डातील टेबलावर उघड्या न ठेवता स्वागतकक्षात जमा कराव्यात. त्यांचे वाटप पाडव्यास सकाळी दहा वाजता, रात्रपाळीची मंडळी घरी जाण्यापूर्वी होईल. प्रयोगशाळा मात्र लक्ष्मीपूजनाचा दिवस वगळता दिवाळीतही रोज उघडी राहील. आपल्या नेहमीच्या रुग्णांना आज दुपारपासून दूरध्वनी करून तसे कळवावे, ही विनंती.